एडिसनच्या बॅटरीची वाट पाहताना

"नवी बॅटरी येतेय, जरा थांब." इलेक्ट्रिक गाडीचा विषय काढला की हे वाक्य ठरलेलं. सांगणारा कधी ऑफिसातला आर्किटेक्ट असतो, कधी शेजारचे काका असतात, वाक्य मात्र तेच. हे वाक्य किती जुनं असेल म्हणून सहज शोधायला बसलो आणि थेट १९०१ सालात जाऊन पोचलो. मग दोन वीकएंड त्यातच गेले.

मला गाडी घ्यायची आहे, त्यामुळे ही नुसती इतिहासाची हौस नाही हे आधीच सांगून टाकतो. पंधरा लाखांच्या आसपास खर्चायचे म्हणजे आमच्यासारख्यांना घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी. आज घेतली आणि दोन वर्षांनी अर्ध्या किमतीत दुप्पट पळणारी आली तर? आणि नाही घेतली, जुन्या गाडीच्या इंजिनावर आणखी पैसे घातले, आणि ती दोन वर्षं पाच होऊन बसली तर?

तर मंडळी, १९००. त्या वर्षी अमेरिकेत साधारण ४,२०० मोटारी बनल्या. त्यातल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. पुन्हा वाचा, आकडे उलटे टाकलेले नाहीत! ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तोही विजेच्या गाडीनेच, एप्रिल १८९९ मध्ये, कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने. पेट्रोलची गाडी तेव्हा धूर ओकायची, थरथरायची, आणि सुरू करायला समोर उभं राहून हँडल फिरवावं लागायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडलंच. विजेच्या गाडीत बसायचं, दांडा ढकलायचा आणि निघायचं.

दुखणं एकच, बॅटरी. शिशाच्या जड प्लेटा आणि त्यात ॲसिड. एका चार्जमध्ये चाळीस-पन्नास किलोमीटर गेली तर गेली. खडबडीत रस्त्यावर प्लेटांचा लगदा गळून खाली बसायचा, आणि काही वर्षांत (हयगय केली तर त्याआधीच) सगळा संच बदलायची वेळ यायची. म्हणजे आज आपण ज्याला घाबरतो नेमकं त्यालाच.

अशा वेळी १९०१ मध्ये थॉमस एडिसन पुढे आला. शिसं नको, ॲसिड नको. निकेल, लोखंड आणि पोटॅशचं पाणी. हलकी, दणकट, वर्षानुवर्षं टिकणारी. स्वीडनचा वाल्डेमार युंगनर याच दिशेने आधीपासून खटपट करत होता, पण त्याच्यामागे एडिसनचं नाव नव्हतं. दिवा आणि फोनोग्राफ देणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. आता ज्याला १९०१ मध्ये गाडी घ्यायची होती त्याने काय करावं? आजची शिशाची घ्यावी, की वर्षभर थांबून एडिसनची?

पहिली बॅटरी बाजारात आली १९०३ मध्ये, 'टाइप ई'. आमच्या भाषेत व्हर्जन १.०, आणि तिचं झालंही तसंच. पत्र्याच्या डब्यांचे सांधे गळायला लागले, आणि काही सेलची क्षमता कारण नसताना घसरायला लागली. एडिसनने १९०४ मध्ये उत्पादन बंद केलं. मला या माणसाचं सगळंच काही आवडत नाही, पण इथे त्याला मानलं पाहिजे. सदोष माल विकत राहणं सोपं होतं, त्याने ते केलं नाही. आत वीज वाहून नेण्यासाठी ग्राफाइट वापरलं होतं, ते टिकत नव्हतं. त्याच्या जागी निकेलच्या अतिशय पातळ चकत्या घालायच्या ठरल्या. त्या बनवायचं यंत्रही आधी बनवावं लागलं. सुधारलेली 'टाइप ए' यायला १९०९ उजाडलं.

आठ वर्षं! १९०१ मध्ये "थोडं थांबतो" म्हणणाऱ्याच्या घरात एव्हाना एखादं पोर शाळेत जायला लागलं असेल.

पण गोष्टीतली खरी गंमत पुढे आहे. एडिसनची बॅटरी फुसकी निघाली असती तर "थांबू नका, वाट पाहणारे फसतात" असं सांगून मला उठता आलं असतं. ती चांगली निघाली. 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नावाच्या गाडीत १९११ पासून ती जादा पैसे भरून घेता यायची, आणि एका चाचणीत अशी गाडी एका चार्जमध्ये २११ मैल, म्हणजे जवळजवळ ३४० किलोमीटर गेली. (रोजच्या वापरात ऐंशी मैल धरायचे. कागदावरची रेंज आणि रस्त्यावरची रेंज हा वादही तेव्हापासूनचाच.) शिवाय एडिसनच्या धाकाने शिशाच्या बॅटरीवालेही कामाला लागले आणि १९१० मध्ये 'एक्साइड'ने प्लेटांचा लगदा गळू न देणारी 'आयर्नक्लॅड' काढली. म्हणजे थांबणाऱ्याला एकाच्या जागी दोन चांगल्या बॅटऱ्या मिळाल्या.

फक्त तोवर बाकीचं जग त्याच्यासाठी थांबलं नव्हतं. एडिसनच्या घोषणेच्या त्याच वर्षी, जानेवारी १९०१ मध्ये, टेक्ससमधल्या स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला आणि तेल पाण्याच्या भावाने मिळायला लागलं. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली, ८५० डॉलरला, आणि पुढच्या काही वर्षांत बरीच स्वस्त होत गेली. डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये एडिसनच्या नुसत्या बॅटरीचे जादा ६०० डॉलर पडायचे. वीज शहरातल्या मोजक्या घरांत. पेट्रोल मात्र डब्यात घालून गावोगावी नेता येत होतं.

आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसला. हँडल मारायची कटकट संपली, आणि विजेच्या गाडीचं सगळ्यात मोठं आकर्षण त्याबरोबर संपलं. हा स्टार्टर चालायचा कशावर? शिशाच्या बॅटरीवर! स्टार्टरला क्षणभर प्रचंड करंट लागतो. शिशाची बॅटरी तो देते, एडिसनची देऊ शकत नव्हती. जिला हटवायला एडिसनने इतकी वर्षं घातली तिच्याच मदतीने पेट्रोलची गाडी जिंकली. आजही तुमच्या-माझ्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली ती बसलेली आहे.

१९१४ मध्ये फोर्ड आणि एडिसन या दोघा मित्रांनी मिळून स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काढायचं ठरवलं. वर्षभरात येईल असं फोर्डने वर्तमानपत्रात सांगितलंही होतं. दोन-तीन प्रायोगिक गाड्या बनल्या, त्यापुढे काही नाही. खुद्द फोर्डची बायको क्लारा मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. असो.

मला या सगळ्यात सगळ्यात शहाणे वाटले ते हार्टफर्डचे ट्रकवाले. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं हे शहर. तिथल्या वीज कंपनीने १९१० मध्ये एक योजना काढली: ट्रक तुम्ही बॅटरीशिवाय विकत घ्या, बॅटरी आमची. उतरली की आमच्याकडे येऊन भरलेली लावून घ्या आणि जितके मैल चालवाल त्या हिशेबाने पैसे द्या. हे १९२४ पर्यंत चाललं आणि त्या गाड्या साठ लाख मैलांहून जास्त धावल्या. ट्रकवाल्याला नवी बॅटरी कधी येणार याची चिंताच नव्हती. चांगली आली की वीज कंपनी आणेल, जुनी मेली तर वीज कंपनीची मेली. त्याला आपला रोजचा रस्ता माहीत होता, बाकीची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात.

आता आपल्याकडे या. आपल्याकडची रेवा बेंगळुरूत २००१ मध्ये आली, सहा-सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या घेऊन. लंडनमध्ये तीच जी-विझ नावाने विकली गेली. लोक तिला हसले, पण शहराच्या मधल्या भागात ज्यांचं कामच दहा-पंधरा किलोमीटरचं होतं त्यांनी ती वर्षानुवर्षं चालवली. लिथियमवाली रेवा आली तेव्हा २००९ उजाडलं होतं. पुन्हा आठ वर्षं!

लवकर घेणाऱ्यांचं सगळंच छान झालं असंही नाही. निसानच्या पहिल्या लीफमध्ये बॅटरी थंड ठेवायची वेगळी सोय नव्हती, आणि २०१२ मध्ये ॲरिझोनाच्या उन्हात कित्येकांची रेंज बघता बघता उतरली. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं. आणि पैशाचं म्हणाल तर, नेक्सॉन ईव्हीच्या किमती सप्टेंबर २०२४ मध्ये तीन लाखांपर्यंत उतरल्या. ऑगस्टमध्ये पेढे वाटलेल्याला काय वाटलं असेल! बॅटरीचा दरच तसा पडतोय: २०१० मध्ये एका किलोवॅट-अवरला हजार डॉलरच्या वर, २०२४ मध्ये सरासरी ११५. थांबायला सांगणारे काका अगदीच चुकीचे नाहीत.

पण ते ज्या बॅटरीसाठी थांबायला सांगतात ती हजार किलोमीटर जाणारी, दहा मिनिटांत भरणारी सॉलिड-स्टेट. टोयोटाने २०१७ मध्ये सांगितलं होतं की ती २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गाडीत बसेल. २०२३ मध्ये तीच तारीख २०२७-२८ झाली. प्रोजेक्ट मॅनेजरची भाषा मी रोज ऐकतो, त्यामुळे मला याचं आश्चर्य नाही. येईलही, आणि कदाचित एडिसनच्या 'टाइप ए'सारखी उत्तमही असेल. पण आल्यावर आधी कोट्यधीशांच्या गाड्यांत जाईल. दरम्यान स्वस्त झाली ती साधी लोह-फॉस्फेटवाली, जिच्याबद्दल कॅन्टीनमध्ये कुणी बोलत नाही.

म्हणून मी प्रश्न बदलला: मी नेमकं कशासाठी थांबणार? रेंजसाठी? माझं कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. त्याला १९११ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिकही पुरली असती. (हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तिचा वेगही पुरला असता.) गुहागरला वर्षातून दोनदा जातो, अडीचशेच्या वर किलोमीटर आणि वाटेत कुंभार्ली घाट. त्या दोन दिवसांसाठी दुप्पट मोठी बॅटरी वर्षभर वाहून न्यायची हे मला पटत नाही. वाटेत एकदा चार्जिंगला थांबू, नाहीतर भाड्याची गाडी करू.

किंमत पडेल ही भीती खरी आहे, त्यावर हार्टफर्डचा उपाय आपल्याकडेही आलाय. एमजीने २०२४ मध्ये विंडसर काढली ती ९.९९ लाखाला बॅटरीशिवाय, वर किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीचं भाडं. मी हिशेब मांडला. भाडं साडेतीन, घरच्या विजेचे दीडेक रुपये, म्हणजे किलोमीटरला पाच. माझ्या जुन्या गाडीला पेट्रोलचे सात लागतात. फरक इतका कमी की माझ्यासारख्या रोज चालवणाऱ्याला ते परवडत नाही; कमी चालवणाऱ्याने जरूर विचार करावा. मी बॅटरी विकतच घेणार, पण लहान, आणि आठ वर्षांच्या वॉरंटीचे सगळे पोटनियम वाचून. ती आठ वर्षं मीच चालवणार, मधे विकायची नाही असं धरलं की पुढच्या वर्षीची किंमत किती पडते याचा मला काडीचा फरक पडत नाही. ज्याला तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय आहे त्याने मात्र खुशाल थांबावं, किंवा आत्ताच कुणीतरी तीन वर्षं वापरलेली स्वस्तात उचलावी. घसारा त्याने सोसलेला असतो.

खरं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. १९१० मध्ये घरात वीज नव्हती. माझ्या घरात आहे, पण ती तिसऱ्या मजल्यावर, आणि गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये. तिथपर्यंत केबल ओढायला सोसायटीची परवानगी हवी, आणि कमिटीत दोन मतं आहेत. वेगळ्या मीटरचा अर्ज दिलाय. पत्र हातात पडलं की बुकिंग.