फोटोत नसलेली आई

माकणी 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात होती. त्या मुलखाच्या राजधानीत, हैदराबादेत, राजा दीनदयाळ यांनी 1892 साली जनाना स्टुडिओ उघडला. पडदानशीन बायकांचे फोटो तिथे एक इंग्रज बाई काढत. पण ही सोय अमीर-उमरावांची; माकणीसारख्या गावातल्या बाईला ती कुठून मिळणार?

घरात मुलांचा फोटो काढणं त्याआधी तर फारच जिकिरीचं. ओल्या काचेच्या प्लेटला उजेड घ्यायला काही सेकंद लागत. एक पोर हललं की त्याचा चेहरा पुसट. म्हणून विलायतेत आई स्वतः चादर पांघरून बसे आणि मुलाला घट्ट धरी. फोटोत मूल दिसे, आई नाही. (आपल्या पडद्याला हसणाऱ्यांनी ते फोटो जरूर पाहावेत.) कोरड्या प्लेटा आल्यावर चार-पाच भावंडं दाराच्या उजेडात सतरंजीवर बसवणं जमू लागलं: धाकटं थोरलीच्या मांडीवर, दादा मागं उभा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं या भागातली दगड-मातीची घरं पाडली. लेकरं गेली, भिंतीवरच्या तसबिरीही ढिगाऱ्यात गेल्या. एखादी प्रत उरली असेल, तर ती लेक दिलेल्या गावी, कुणा फूफीच्या पेटीत.