दिविसीमेतील सागरी वादळे

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा नदी बंगालच्या उपसागरास मिळण्यापूर्वी पुलिगड्डा येथे फाट्यांत विभागते. या फाट्यांमधील सखल, सुपीक भातप्रदेशास दिविसीमा म्हणतात (कृष्णा जिल्हा, आंध्र प्रदेश). १९ नोव्हेंबर १९७७ रोजी येथे आदळलेल्या चक्रीवादळात सरकारी गणनेनुसार सु. १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्यक्ष संख्या बरीच अधिक असावी. वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक बळी घेतले. सु. ५ मी. उंचीची लाट सपाट प्रदेशात कित्येक किमी. आत शिरली आणि कोळ्यांच्या व शेतमजुरांच्या शाकारलेल्या झोपड्या माणसांसह वाहून गेल्या. कापणीस आलेले भात गेले, शेतांत खारे पाणी साचले. तेलुगू भाषक या आपत्तीस ‘उप्पेन’ म्हणजे समुद्राचे उधाण म्हणतात; लोकस्मृतीने वाऱ्याचे नव्हे, पाण्याचे नाव टिकविले. लाट जेथवर पोहोचली, तेथे स्मारक आहे.

जवळच्या मच्छलीपटनम बंदरात १८६४ साली अशाच लाटेने सु. ३०,००० लोक दगावले होते. तथापि ११३ वर्षांनंतर ती पाहिलेले कोणी हयात नव्हते. समुद्र एवढा आत येतो, हे सांगणारा साक्षीदार गावांत उरला नव्हता. मे १९९० मध्ये याच किनाऱ्यावर तितकेच भीषण वादळ आले, तेव्हा सु. दीड लाख लोक आधीच हलविण्यात आले व मृतांची संख्या हजाराच्या आत राहिली. पूर्वसूचनेची यंत्रणा सुधारली होती, हे खरेच. परंतु १९७७ ची रात्र आठवणारी माणसेही तेव्हा गावोगाव होती.