बिअरमधला अदृश्य पाहुणा: रानटी यीस्टचा इतिहास

१/ १५१६ साली बव्हेरियात बिअरविषयी एक प्रसिद्ध आज्ञा निघाली. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालायचे नाही, असा तिचा आशय होता. या यादीत यीस्टचा उल्लेखच नाही. ज्याच्यावाचून बिअर होतच नाही, तोच घटक कायद्यातून कसा निसटला?

२/ कारण यीस्ट ही स्वतंत्र, सजीव वस्तू आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मागच्या खेपेचा गाळ नव्या पिंपात ओतला की काम होई. आपल्याकडे विरजण लावतात, तसाच हा प्रकार. पण पहिले विरजण आले कोठून? फळांच्या सालींवरून, झाडांवरून, लाकडी पिंपांच्या फटींतून आणि हवेतून.

३/ १६८० मध्ये लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली बिअरमधले यीस्टचे गोलक पाहिले. ते सजीव आहेत, हे मात्र त्याच्या ध्यानी आले नाही. १८३७-३८ च्या सुमारास काञार द ला तूर, श्वान आणि क्युत्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला: यीस्ट जिवंत आहे.

४/ पुढे पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बिअर नासते ती नको असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्याने दाखवले. मद्यकारांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नव्हता. एक पिंप आंबट झाले की महिन्यांचे श्रम आणि पैसा गटारात जाई.

५/ त्यावर उपाय सापडला कोपनहेगनला. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने १८८३ मध्ये यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. कार्ल्सबर्गने ते स्वतःपुरते न ठेवता इतरांनाही दिले. बिअरची चव आता दर खेपेस सारखी राखता येऊ लागली.

६/ या यशाला दुसरी बाजूही होती. ‘शुद्ध’ यीस्ट आले आणि बाकी सारी ‘रानटी’ ठरली. हवेतून येणारा जो पाहुणा हजारो वर्षे बिअर घडवत होता, तो आता शत्रू मानला जाऊ लागला.

७/ इतिहासाचा विनोद असा की, या पाहुण्याची बाजू सावरली तीही कार्ल्सबर्गच्याच माणसाने. इंग्लंडच्या जुन्या, मुरलेल्या बिअरची खास चव एका वेगळ्या यीस्टमुळे येते, असे क्लाउसेनने १९०४ मध्ये मांडले. त्याने तिला नाव दिले ‘ब्रेटानोमायसीस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी.

८/ बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या परिसरात मात्र जुनी रीत टिकली. तेथील ‘लॅम्बिक’ बिअरसाठी जवाचे माल्ट आणि कच्चा गहू यांचा उकळलेला काढा उथळ, रुंद हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हे काम थंडीच्या महिन्यांतच चालते, कारण उन्हाळ्यात नासवणारे जंतू फार बळावतात.

९/ मग हा काढा लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे मुरतो. त्यात जणू पाळ्या लागलेल्या असतात: आधी काही जिवाणू, मग नेहमीचे यीस्ट, नंतर आंबटपणा आणणारे जिवाणू आणि शेवटी ब्रेटानोमायसीस. ब्रुसेल्समधील १९०० साली स्थापन झालेल्या कॅन्टिलॉनने १९७८ मध्ये मद्यशाळेतच संग्रहालय उघडले. तेथे आजही याच रीतीने बिअर होते.

१०/ ही विद्या आपल्यालाही परकी नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात पोदेर पाव फुगवण्यासाठी माडाची सूर वापरत. झाडावरून उतरवलेला गोड रस काही तासांतच आपोआप आंबू लागतो, तो रानटी यीस्टच्या जोरावर. ब्रुसेल्सचा हौद आणि कोकणातले मडके यांचे तत्त्व एकच आहे.

११/ घरच्या घरी बिअर करण्यावरचा परवाना ब्रिटनने १९६३ मध्ये रद्द केला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला संघीय पातळीवर मोकळीक मिळाली. त्यानंतरच्या काळात हौशी मंडळी पुन्हा झाडांकडे वळली. बरणीत थोडा काढा घ्यायचा, तोंडाला पातळ कापड बांधायचे, रात्रभर बागेत ठेवायची. बुरशी धरली किंवा कुजका वास आला, तर सारे फेकून द्यायचे. चांगले आंबले तरच त्यातले यीस्ट पुढे वाढवायचे.

१२/ आणि हान्सेनच्या त्या ‘शुद्ध’ यीस्टचे काय? ते मुळात संकरित आहे, हे आता सिद्ध झाले आहे. त्याचा एक पालक एलचे ओळखीचे यीस्ट. दुसरा थंडी सोसणारा आणि दीर्घकाळ अज्ञात राहिलेला. २०११ मध्ये त्याचा माग लागला तो पॅटागोनियाच्या अरण्यात, बीच वृक्षांवरच्या गाठींमध्ये. जगभर विकल्या जाणाऱ्या लागर बिअरचे अर्धे कूळ रानटीच निघाले.