जालीनूस

१. जालीनूस : लेखकाने खांबच्या हकिमांच्या तोंडी घातलेले हे नाव म्हणजे ग्रीक वैद्य गेलेन. अरबीत ‘ग’ नाही, म्हणून ‘ज’. जन्म इ. स. १२९, पर्गमम (आजच्या तुर्कस्तानातील बर्गामा). आधी तिथल्या ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवल्या, पुढे रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसपर्यंत पोहोचला. माणसाचे शव फाडण्यास मनाई असल्याने माकडे-डुकरे चिरली. ओरडणाऱ्या डुकराचा मज्जातंतू बांधून त्याचा आवाज बंद करण्याचा प्रयोग तो भर सभेत करी. प्रसिद्धीची हौस दांडगीच. माकडावरून माणूस ताडल्याने झालेल्या चुका व्हेसालियसने १५४३ मध्ये दाखवल्या. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने गेलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. युनानी वैद्यकाचा मोठा आधार तोच. रक्त, कफ, पिवळे व काळे पित्त या चार द्रवांच्या मिश्रणाला हकीम ‘मिजाज’ म्हणतात. आपली ‘मिजास’ त्यातूनच आली. ‘युनानी’ आणि ‘यवन’ हे दोन्ही शब्द आयोनियावरून आलेले. तेव्हा पुढच्या पानावर आजी हकिमांच्या पुडीला ‘यवनांचं औषध’ म्हणते, ते व्युत्पत्तीने अचूक आहे. तिच्या मनात अर्थ वेगळा होता, एवढेच. — संपा.