ट्रेक की पायपीट?

पावसाळा आला की आमच्या मिरा रोडच्या ग्रुपवर एकच शब्द फिरतो: ट्रेक. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजमाची. हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण इंग्रजीतही तो पाहुणाच आहे.

डच भाषेत ‘ट्रेकन’ म्हणजे ओढणं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांना बोअर म्हणत. त्यांच्या बोलीत बैलगाडीचा प्रवास म्हणजे ट्रेक, आणि दोन मुक्कामांमधला टप्पाही ट्रेकच. आपल्याकडे त्या टप्प्याला ‘मजल’ म्हणत. मराठी फौजा मजल दरमजल करत जायच्या, तीच ही मजल. तिचं मूळ अरबी ‘मंझिल’मध्ये आहे.

१८३५च्या सुमारास हजारो बोअर ब्रिटिशांच्या केप वसाहतीतून गाड्या जुंपून बाहेर पडले. इतिहासात याला ‘ग्रेट ट्रेक’ म्हणतात. त्यांच्या रागाची कारणं अनेक होती. त्यातलं एक म्हणजे १८३४मध्ये ब्रिटिशांनी तिथली गुलामी कायद्याने संपवली. गाड्यांबरोबर त्यांचे काळे नोकरही निघाले होते. इतिहासात नाव राहिलं ते मालकांच्या प्रवासाचं.

पुढे इंग्रजीने या शब्दाचा अर्थ ऐसपैस केला. दमवणारं कुठलंही लांबचं चालणं म्हणजे ट्रेक, मग ते हौसेचं असो वा नाइलाजाचं. मराठीने त्यातला अर्धाच अर्थ उचलला, हौसेचा. रिक्षा मिळाली नाही म्हणून स्टेशनपर्यंत चालत गेलो, तर त्याला मी ट्रेक म्हणतो ते फक्त चेष्टेत. नाइलाजाच्या चालण्याला आपला जुना शब्द आहे: पायपीट.

हा फरक किती मोठा आहे, ते मार्च २०२०मध्ये दिसलं. लॉकडाऊन लागलं, गाड्या बंद झाल्या. काशिमिऱ्यावरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मजूर पोराबाळांसह, बोचकी घेऊन गुजरात-राजस्थानच्या दिशेने चालू लागले. इंग्रजी बातम्यांत त्याला ‘ट्रेक’ म्हटलं गेलं, मराठी बातम्यांत ‘पायपीट’. इंग्रजी शब्द चुकीचा नव्हता. पण ट्रेकमधून अंतर कळतं, दमणं कळतं. चालणाऱ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, हे पायपीट एका शब्दात सांगते.

म्हणून मला हे दोन्ही शब्द हवेत, आणि वेगवेगळे हवेत. गडाच्या वाटेवर काढलेल्या आपल्या फोटोत कधीकधी मागे हंडा घेऊन चढणारी बाई दिसते. चढ तोच, दमही तेवढाच लागतो. पण ट्रेकला आलेले असतो ते आपण.