आर्सेनिकची ओळख आणि न्यायालय : रासायनिक चाचण्यांच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

अज्ञात द्रावणातील आयन ओळखणे म्हणजे त्यात विशिष्ट विक्रियाकारक मिसळून मिळणारा अवक्षेप, रंग किंवा वायू यांवरून अनुमान काढणे होय. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात हे अनुमान चुकल्यास विद्यार्थ्याचे गुण जातात. एकोणिसाव्या शतकातील युरोपात मात्र त्यावर आरोपीचे प्राण अवलंबून असत. प्रस्तुत लेखात आर्सेनिकच्या चाचण्यांचा १८३६ ते १८५९ या काळातील प्रवास तपासला आहे.

मार्श यांची चाचणी

आम्लयुक्त द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला असता आर्सेनिकचा पिवळा अवक्षेप मिळतो. इंग्लंडमधील एका विषप्रयोगाच्या खटल्यात जेम्स मार्श यांनी हीच चाचणी केली होती. परंतु ज्यूरीसमोर येईपर्यंत तो अवक्षेप खराब झाला आणि आरोपी सुटला. त्यानंतर मार्श यांनी १८३६ मध्ये नवी पद्धत प्रसिद्ध केली. जस्त व आम्ल यांच्या साहाय्याने आर्सेनिकचे आर्साइन वायूत रूपांतर करायचे आणि त्याच्या ज्योतीत थंड चिनी मातीचे भांडे धरायचे. त्यावर चकचकीत काळसर डाग उमटतो. अँटिमनीही असाच डाग देते. मात्र आर्सेनिकचा डाग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये विरघळतो, अँटिमनीचा विरघळत नाही.

चाचणीची संवेदनशीलता वाढताच नवी शंका उपस्थित झाली : सापडलेले आर्सेनिक नमुन्यातील की जस्तातील? फ्रान्समधील १८४० च्या मारी लाफार्ज खटल्यात स्थानिक रसायनज्ञांचे निष्कर्ष परस्परविरोधी ठरल्यावर पॅरिसहून ऑर्फिला यांना पाचारण करण्यात आले. आढळलेले आर्सेनिक विक्रियाकारकांतून आलेले नाही, हेही सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. आरोपीला जन्मठेप झाली.

स्मेथर्स्ट प्रकरण

१८४१ मध्ये ह्यूगो राइन्श यांनी अधिक सोपी चाचणी सुचविली. हायड्रोक्लोरिक आम्लयुक्त द्रावणात तांबे उकळल्यास त्यावर आर्सेनिकचा करडा थर बसतो. १८५९ मध्ये लंडनमधील डॉ. थॉमस स्मेथर्स्ट यांच्याविरुद्धच्या खटल्यात विषवैद्यकाचे नामवंत तज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी ही चाचणी वापरली व एका बाटलीत आर्सेनिक असल्याचे प्रारंभी सांगितले. प्रत्यक्षात बाटलीतील पोटॅशियम क्लोरेटमुळे तांब्याची जाळी विरघळली होती आणि तिच्यातील आर्सेनिक द्रावणात उतरले होते. टेलर यांनी न्यायालयात ही चूक मान्य केली. तरीही आरोपीला फाशीची शिक्षा झाली. पुढे सर बेंजामिन ब्रॉडी यांच्या अभिप्रायानंतर खुनाच्या आरोपातून त्याला माफी मिळाली.

निष्कर्ष

विक्रियाकारक शुद्ध असावा, हे तत्त्व १८४० मध्येच मान्य झाले होते. स्मेथर्स्ट प्रकरणाने त्यात महत्त्वाची भर घातली. न विरघळणारे तांबे आपल्यातील अशुद्धी प्रकट करत नाही. विरघळल्यावरच ती बाहेर पडते. म्हणून नमुना वगळून करावयाची पडताळणी नमुन्याच्याच परिस्थितीत व्हावयास हवी. प्रात्यक्षिकात वेळेअभावी ही पायरी बहुधा गाळली जाते. सारांश, चाचणीच्या क्रमाबरोबरच तिच्या फसण्याचा इतिहासही अध्यापनाचा भाग होणे आवश्यक आहे.