साताऱ्याचे जवान जिथे लढले, त्या इराकचं पुढे काय होणार?

सातारा शहरापासून जवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. घरटी माणूस फौजेत, म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मारले गेले. ब्रिटिशांनी गावात त्यांचं स्मारक उभारलं.

त्या युद्धात मराठा पलटणींचे हजारो जवान ज्या मोठ्या आघाडीवर गेले, ती होती मेसोपोटेमिया. म्हणजेच आजचा इराक. तेव्हा सातारा जिल्हाही मोठा होता. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. फौजेत भरती होण्याची परंपरा मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली.

ज्या जमिनीसाठी हे जवान लढले, तिथे पुढे एक देश तयार झाला. आज त्याच्या पोटात जगातल्या सर्वात मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक आहे, तरी शंभर वर्षांनंतरही तो स्थिर झालेला नाही. असं का झालं?

मराठा पलटणी तिथे कशा पोचल्या?

१९०८ मध्ये शेजारच्या इराणमध्ये तेल सापडलं. त्याच काळात ब्रिटिश नौदल कोळसा सोडून तेलाकडे वळत होतं. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतला. या कंपनीची आबादानची रिफायनरी तुर्की साम्राज्याच्या हद्दीला लागूनच होती. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरला आणि ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून फौज पाठवली.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी ही फौज फाव इथे उतरली. ती होती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बसरा पटकन हाती आलं. मग थेट बगदाद घेण्याचा मोह झाला. ते जमलं नाही, माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कुत या गावात वेढली गेली. जवळपास पाच महिने वेढा चालला, धान्य संपलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यातले बरेच जण तुर्कांच्या कैदेतून परत आलेच नाहीत.

बसऱ्याजवळच्या युद्धस्मारकात ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिक आणि हिंदी अधिकारी यांची नावं तिथे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला आला तो पलटणीखाली लिहिलेला नुसता आकडा.

देश कसा तयार झाला?

तुर्की साम्राज्यात बसरा, बगदाद आणि मोसुल हे तीन वेगळे प्रांत होते. दक्षिणेत शिया अरब जास्त, मध्यभागी आणि पश्चिमेला सुन्नी अरब, उत्तरेला कुर्द. युद्धानंतर ब्रिटिशांनी तिन्ही प्रांत एकत्र केले. १९२० मध्ये या कारभाराविरुद्ध मोठं बंड झालं, ते बळानं मोडलं गेलं. १९२१ मध्ये फैसल यांना राजा केलं. ते मूळचे इराकचे नव्हते, हेजाझचे होते.

१९२७ मध्ये किर्कुकजवळ प्रचंड तेल लागलं. ते काढायचा हक्क होता इराक पेट्रोलियम कंपनीकडे. तिचे भागीदार ब्रिटिश, फ्रेंच, डच आणि अमेरिकन होते. १९३२ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण तेलाचा कारभार आणखी ४० वर्षं परक्या कंपनीच्या हातात राहिला.

तेल स्वतःचं झालं, मग बिघडलं कुठे?

१९५८ मध्ये लष्करानं राजेशाही उलथवली. १९७२ मध्ये तेल कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि सरकारकडे पैशाचा पूर आला. शाळा, दवाखाने, रस्ते झाले. त्याच पैशातून मोठं सैन्य आणि गुप्त पोलीसही उभे राहिले.

खरी मेख इथे आहे. बहुतेक देशांत सरकार लोकांच्या करावर चालतं, त्यामुळे लोक हिशोब मागू शकतात. तेलावर चालणाऱ्या सरकारला लोकांकडून फारसं काही घ्यावं लागत नाही. तेल ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचं.

१९७९ मध्ये सत्ता सद्दाम हुसेनच्या हातात गेली. १९८० ते १९८८ इराणशी युद्ध झालं. १९९० मध्ये त्यानं कुवेत गिळलं. मग आखाती युद्ध आणि त्यानंतर कडक आर्थिक निर्बंध. २००३ मध्ये अमेरिकेनं संहारक अस्त्रांचं कारण देऊन हल्ला केला. ती अस्त्रं सापडली नाहीत. सद्दाम गेला, पण सैन्य बरखास्त झालं आणि हत्यार चालवता येणारी लाखो माणसं रस्त्यावर आली.

तेव्हा भारताला बोलावणं आलं होतं

२००३ मध्ये अमेरिकेनं भारताकडे इराकसाठी सैन्य मागितलं होतं. दिल्लीत बरीच चर्चा झाली. शेवटी १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारनं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य पाठवणार नाही, असं ठरवलं. १९१४ मध्ये हा निर्णय सातारकरांच्या हातात नव्हता. या वेळी तो स्वतंत्र देशाच्या सरकारनं घेतला, आणि तिथल्या पुढच्या रक्तपातात भारतीय जवान ओढले गेले नाहीत.

मग आत्ताचा इराक कसा आहे?

२००३ नंतर सत्तेची वाटणी ठरली. कायद्यात लिहिलेली नसली तरी सगळे ती पाळतात. पंतप्रधान शिया, संसदेचा सभापती सुन्नी आणि राष्ट्राध्यक्ष कुर्द. सगळ्यांना वाटा मिळावा, हा हेतू. झालं असं की प्रत्येक पक्षाला मंत्रालय हवं, कारण मंत्रालय म्हणजे नोकऱ्या आणि ठेके.

२०१४ मध्ये आयसिसनं मोसुल घेतलं. ते परत मिळवायला तीन वर्षं लागली. त्या लढाईत उभ्या राहिलेल्या सशस्त्र गटांतले काही इराणच्या जवळचे आहेत. ते सरकारी पगार घेतात, पण सगळेच सरकारचं ऐकतात असं नाही. २०१७ मध्ये कुर्दांनी स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं. बगदादनं ते मानलं नाही आणि किर्कुक परत ताब्यात घेतलं. २०१९ मध्ये बगदादपासून बसऱ्यापर्यंत तरुण रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी काम, वीज, पाणी आणि स्वच्छ कारभार एवढीच होती. गोळीबारात शेकडो जण मारले गेले, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला, वाटणीची पद्धत तशीच राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३२९ जागांसाठी निवडणूक झाली, तेव्हाही कुणालाच एकट्याला बहुमत मिळालं नाही.

पुढचे तीन मोठे प्रश्न

एक, पगार. इराककडे सुमारे १४५ अब्ज बॅरल तेलाचा साठा आहे. सरकारच्या उत्पन्नाचा जवळपास ९० टक्के भाग तेलातून येतो. यातला मोठा हिस्सा ४० लाखांहून जास्त सरकारी नोकर आणि पेन्शनर यांच्यावर जातो. लोकसंख्या साडेचार कोटींच्या वर गेली आहे आणि त्यात तरुण जास्त आहेत. एकाच पिकावर अख्ख्या घराचा वर्षभराचा खर्च बेतलेला असला की भाव पडला त्या वर्षी काय होतं, हे ऊसपट्ट्यात कुणाला सांगायला नको. शिवाय बहुतेक तेल बसऱ्याहून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर जातं. तिथे तणाव वाढला की भाव चढे असूनही माल अडकतो.

दोन, पाणी. टायग्रिस आणि युफ्रेटिस तुर्कस्तानातून येतात आणि वरच्या देशांनी त्यांवर धरणं बांधली आहेत. कृष्णा साताऱ्यात महाबळेश्वरला उगम पावते, सांगलीवरून कर्नाटकात जाते. तिथेही पाण्यावरून भांडण आहे, पण लवाद आहे आणि कुणाला किती हे कागदावर आहे. तुर्कस्तान, सीरिया आणि इराक यांच्यात तिघांनाही बांधणारा असा करार नाही. २०१८ मध्ये बसऱ्यात दूषित पाण्यामुळे एक लाखाहून जास्त लोकांना दवाखाना गाठावा लागला. देशातलं सर्वात जास्त तेल याच भागातून निघतं.

तीन, वीज. तेलासोबत निघणारा नैसर्गिक वायू मोठ्या प्रमाणात जाळून टाकला जातो आणि वीजनिर्मितीसाठी इराणकडून वायू विकत घेतला जातो. उन्हाळ्यात पारा ५० अंशांपर्यंत जातो, नेमकी तेव्हाच वीज जाते. हा वायू पकडून वापरायचे प्रकल्प सुरू झालेत. ते वेळेत झाले तर इराणवरचं अवलंबित्व कमी होईल.

सातारा-सांगलीला याचा काय फरक पडतो?

भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. २०१७-१८ पासून २०२१-२२ पर्यंत सर्वात जास्त तेल इराकनंच पुरवलं. पुढे रशियानं ती जागा घेतली, तरी इराक मोठा पुरवठादार आहेच. बसऱ्यात गडबड झाली की जगभर भाव हलतो. ट्रॅक्टर, ऊसतोडीची वाहनं, द्राक्षं घेऊन जाणारे ट्रक, सगळी डिझेलवर चालतात. पंपावरचा दर ठरण्यात केंद्र आणि राज्याच्या करांचाही मोठा वाटा असतो, हेही तितकंच खरं.

म्हणजे इराकचं काय होणार?

देश तुटेल, हे भाकीत २००३ पासून अनेकांनी केलं. आयसिस आली, सार्वमत झालं, तरी तो तुटला नाही. याचं एक कारण तेलच आहे. वेगळं होणाऱ्याला आपला वाटा सोडावा लागतो. पण तेच तेल देशाला सुधारूही देत नाही, कारण आहे त्या वाटणीत प्रत्येक पक्षाचं भागतं.

म्हणून इराककडे बघताना निवडणूक कोण जिंकलं यापेक्षा तीन गोष्टी बघाव्या लागतात. सशस्त्र गट सरकारच्या हुकमात येतात का, तेलाशिवाय दुसरं उत्पन्न उभं राहतं का, आणि बगदाद-कुर्द यांच्यात तेलाच्या पैशाचा कायमचा हिशोब ठरतो का. अमेरिकेच्या नेतृत्वाखालची आयसिसविरोधी लष्करी मोहीम सप्टेंबर २०२६ पर्यंत आटोपायचं २०२४ मध्येच ठरलं होतं. बाहेरच्या फौजा निघून गेल्यावर ही तिन्ही कामं इराकी लोकांनाच करायची आहेत. २०१९ मध्ये रस्त्यावर उतरलेली तरुण पिढी तेच मागत होती.